वाढीव सवलत

१

‘साठी ओलांडलेल्या आमच्या एकाही ग्राहकाने मोबाइल सवलत योजना सोडलेली नाही.’

दुकानाच्या काचेच्या दारावर हे वाक्य पुरुषभर उंचीच्या फलकावर छापले होते. त्याखाली पांढऱ्याशुभ्र दातांचे एक म्हातारे जोडपे हातातल्या फोनकडे पाहून असे हसत होते, की जणू नातवंडच त्यातून उडी मारून बाहेर येणार आहे. अक्का फलकासमोर थांबल्या. शब्दकोशाच्या कार्यालयात त्यांचे उभे आयुष्य गेले होते. वाक्य दिसले की त्याची शिवण उसवून पाहायची, ही खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नव्हती.

‘सोडलेली नाही.’ कोणी? ग्राहकाने. म्हणजे सोडणे-न सोडणे ग्राहकाच्या हातात होते, असे हे वाक्य गुपचूप गृहीत धरते. हाच फलक तुरुंगाच्या दारावरही शोभेल: आमच्या एकाही पाहुण्याने मुक्काम हलवलेला नाही. आणि ‘एकाही’? माणसे अंथरुणाला खिळतात, गाव बदलतात, मरतात. या दुकानाचे म्हातारे यातले काहीच करत नाहीत. इतके निष्कलंक सत्य अक्कांनी आजवर फक्त मृत्युलेखांत वाचले होते.

फलकाच्या शेजारी एक लहान कागद चिकटवलेला होता. त्यावर फोटो होता आणि खाली एकच ओळ: ‘सवलतीचा गैरवापर केल्यामुळे या ग्राहकास प्रवेश नाही.’

फोटो अक्कांच्या धाकट्या भावाचा होता.

सगळ्या वस्तीचा तो ‘शेठ’, अक्कांचा बंडू. याच रस्त्यावर जन्मभर किराणा विकलेला माणूस. गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून तो भाव सांगायचा: शिकणाऱ्या पोराला कमी, मिजासखोराला जास्त. सवलत त्याच्या डोळ्यांत असे, तिला यंत्र लागत नसे. समोर हे भव्य दुकान आले, त्या वर्षी बंडूने आपले दुकान कायमचे वाढवले आणि पिशवी घेऊन तोही समोरच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

अक्का तडक त्याच्या घरी गेल्या. तो जेवणाच्या टेबलाशी एक छापील कागद समोर घेऊन बसला होता.

“सही करतोय, अक्का. उद्या सकाळी त्यांच्या मुख्य कार्यालयातून कोणी बाई येणार आहे, तिच्यासमोर. चूक झाली म्हणून लिहून दिलं की फोटो काढतील. पोलिसांत जाणार नाहीत.”

“चूक तू केलीस?”

बंडूने चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. “माझ्या खात्यावर झाली. म्हणजे माझीच.”

“हे व्याकरण कुठल्या शाळेत शिकलास?”

“हळू बोल ना. आत ती आहे.”

ती म्हणजे सून. आरोप असा होता: नातवंडांसाठी म्हणून ज्येष्ठांना बाळाच्या दुधाच्या डब्यांवर जवळजवळ अर्ध्या किमतीची जी ‘आजी-आजोबा सवलत’ मिळते, ती वापरून बंडूच्या खात्यावर दुधाचे डबे पोत्यांनी उचलले गेले आणि बाहेर पूर्ण भावाने विकले गेले. बंडूचा मुलगा कामासाठी परगावी असे. घरात बाळ होते, बाळाची आई होती, आणि बंडूला फोन शिकवला होता तोही तिनेच. म्हातारा कोणासाठी मान पुढे करतो आहे, हे कळायला कोश उघडावा लागत नव्हता.

आतले दार उघडले. सून उंबऱ्यात उभी होती. तिच्या कडेवर बाळ होते आणि दुसऱ्या हातात भरलेली बॅग.

२

“मी ऐकलंय सगळं, आत्या,” सून म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचे काम करी. दिवसभर लोकांना ‘आता दिसतंय का?’ असे विचारून तिचा आवाज नेहमी सौम्य झालेला असे. आज तो तसा नव्हता. “बाबा सही करणार, म्हणजे बाबांचं ठरलंय. चोर मी.”

“असं मी कधी म्हटलं?” बंडू पुटपुटला.

“म्हणाला असतात तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.”

“दोघंही खाली बसा,” अक्का म्हणाल्या. “त्यागाची स्पर्धा नंतर भरवू. बंडू, तुझा फोन दाखव.”

फोन ड्रॉवरमधून निघाला. सुनेने तो हातात घेतला, पडदा इकडून तिकडे सरकवला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “बाबा, दुकानाचं ते चित्र कुठे गेलं?”

बंडूने तिच्या हातातून फोन काढून घेतला. मग एकदम, उलटी व्हावी तसे बोलला.

“काढून टाकायला लावलं मी. महिने झाले त्याला. रांगेत उभा होतो, फोन उघडेना. उघडला तर परवलीचा शब्द मागायला लागला. मागचे लोक उसासे टाकत होते. एक जण म्हणाला, ‘आजोबा, आधी शिकून या, मग या.’ माझ्याच रस्त्यावर, अक्का! त्याच्या बापाला मी उधारीवर साखर दिलीय. मी सामान तिथेच ठेवलं, मदतीच्या टेबलाशी गेलो आणि सांगितलं, संपवा एकदाचं माझं ते खातं.”

“पण तुम्ही तर रोज सांगायचात!” सून म्हणाली. “आज बिस्किटांवर सवलत मिळाली, आज तेलावर मिळाली...”

“पूर्ण भाव देत होतो.” बंडूने मान खाली घातली. “तू कामावरून दमून येऊन मला बोट धरून शिकवलंस. पुन्हा पुन्हा शिकवलंस. तुला कसं सांगू, म्हातारा नापास झाला म्हणून?”

सून खुर्चीत बसली, पण तिने बॅग मांडीजवळून हलवली नाही.

“आत्या, आमचं बाळ डब्याचं दूध तोंडातसुद्धा घेत नाही, थुंकतं. पण हे मी कोणाकोणाला सांगत फिरू? त्या कागदावर सही झाली, तर उद्या दुपारी मी बाळाला घेऊन आईकडे जाईन. ज्या घरानं माझ्यासाठी खोटं कबूल केलं, त्या घरात मी मान वर करून कशी राहू?”

अक्कांनी तिच्याकडे पाहिले. हा युक्तिवाद बिनतोड होता, आणि तो मोडायला त्यांच्या हाती फक्त उद्या सकाळपर्यंतचा वेळ होता.

३

दुकानात शिरल्यावर प्रथम लागते ते ‘मोबाइल मदत’ असे लिहिलेले टेबल. तिथली मुलगी उठून म्हणाली, “या आजी, फोन आणलाय का?”

“मी तुमची आजी नाही. असते तर तुम्हाला इथे बसू दिलं नसतं. व्यवस्थापक कुठे आहेत?”

व्यवस्थापक जवळच उभे होते. शर्टाला सुरकुती नाही, केसाला नाही, बोलण्याला तर नाहीच. ते फुकट चव देण्यासाठी मांडलेल्या सरबताच्या स्टॉलवरच्या बाईंना सूचना देत होते. “मावशी, हा स्टॉल वाढवा आता. आणि तो पंखा चालू राहिलाय, बघा.” मग ते अक्कांकडे वळले, त्यांना अदबीने आपल्या खोलीत घेऊन गेले आणि खुर्ची पुढे ओढली.

“मला वाईट वाटतं, मॅडम. शेठना आम्ही मानतो. पण पुरावा पुरावा असतो.”

“तो फोन माझ्या भावाकडे पडून आहे, आणि त्यात तुमची योजनाच नाही. मग सवलत घेतली कोणत्या फोनवर?”

“दुसऱ्या. त्यांनी स्वतः खातं वाढवून मागितलं. वाढीव खात्याला घरातला आणखी एक फोन जोडता येतो. तो नंबर कोणाचा, ते सांगता येणार नाही. ग्राहकाची खाजगी माहिती आहे ती.” ‘घरातला’ हा शब्द त्यांनी किंचित हळू उच्चारला. “टेबलावरचं बोलणं आम्ही ध्वनिमुद्रित करतो. ऐका.”

त्यांनी कळ दाबली. एक श्वास ऐकू आला, आणि मग बंडूचा थकलेला, चिडलेला, खराखुरा आवाज: “...माझं खातं वाढवा. हो, हो, आजच. वाढवूनच टाका!”

अक्का आधी हसल्या. मग त्यांनी हसू आवरले.

“जन्मभर दुकान चालवलेला माणूस ‘बंद’ म्हणत नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “बंद हा शब्द त्याच्या धंद्यात जिभेवर येऊ द्यायचा नसतो. संध्याकाळी दुकान बंद होत नाही, वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. घरातून निघणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आपली भाषा शेवटाला वाढ म्हणते, कारण शेवटाची तिला भीती वाटते. माझा भाऊ तुम्हाला खातं संपवायला सांगत होता.”

व्यवस्थापकांच्या भुवया वर गेल्या. चेहऱ्यावर विद्यार्थ्याचे कौतुक उमटले.

“काय सांगता! खरंच, मला हे माहीतच नव्हतं. पण मॅडम, आजच्या भाषेत वाढवा म्हणजे वाढवा. अशा जुन्या अर्थांपायी आम्ही कामं कशी करायची? समजा, गैरसमज झाला. तो आमचा प्रामाणिक गैरसमज. डबे मात्र कोणीतरी उचललेच ना? दुसरा फोन कोणीतरी जोडलाच ना? तुमच्या घरात विचारा. नाहीतर...” त्यांनी काचेबाहेरच्या मदतीच्या टेबलाकडे दिलगिरीने पाहिले, “ही मुलगीही तशी नवीनच आहे. मी कोणावर संशय घेत नाही.”

माणूस संशय घेत नव्हता, नुसता वाढत होता. ताटात वाढतात तसा, प्रत्येकाला थोडा थोडा.

अक्का खोलीबाहेर आल्या. दाराकडे जाता जाता त्या अचानक थबकल्या. सरबताचा स्टॉल जिथे होता तिथे आता काहीच नव्हते. घडीचे टेबल भिंतीला टेकवलेले, पंखा गुंडाळलेला, मावशी निघून गेलेल्या. फरशीवर तेवढे सरबताच्या भांड्याच्या बुडाचे ओले वर्तुळ उरले होते.

त्या वर्तुळाकडे त्या इतका वेळ पाहत राहिल्या, की एका माणसाने त्यांना ढकलगाडीने हलकेच बाजूला केले.

४

मदतीच्या टेबलावरची मुलगी अक्कांना पुन्हा आलेले पाहून घाबरली. घाबरली की ती भराभर बोलत असे.

“काकांचं मला आठवतंय ना. खूप चिडले होते. मला वाटलं, जास्त सवलत मागतायत. मी हसले पण. माझ्या पडद्यावर खातं वाढवायची सोय नाही, बंद करायचीही नाही. दोन्ही सर करतात. मी फक्त त्यांच्या फोनवरचं चित्र काढून दिलं, कारण ते म्हणाले, काढ.”

“सवलत जास्त हवी असलेला माणूस चित्र काढून टाकायला सांगतो?”

“हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी सरांना म्हटलं होतं, मला नीट कळलं नाही. सर म्हणाले, म्हाताऱ्यांचं असंच असतं, तू सोड, मी बघतो.”

“असे आणखी किती जण सरांच्या खोलीत गेले?”

“जे कंटाळतात ते सगळेच जातात, आजी. म्हणजे... बाई.”

अक्का किंचित पुढे वाकल्या. “एक साधा प्रश्न. हे टेबल रोज कधी वाढवता?”

“वाढवायचं?” मुलीने भोवती पाहिले. एका बाजूला खांब होता, दुसऱ्या बाजूला साबणाचा डोंगर. “वाढवणार कुठे? जागा आहे का इथे? मी तर आहे एवढंसुद्धा लहान करा म्हणून सांगते.”

अक्कांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा समाधान दिसले. ज्ञानाचे माप घ्यायला परीक्षा लागते. अज्ञानाचे माप एका उत्तरात मिळते.

“मुली, दुसरा फोन जोडलेलं खातं तुझ्या पडद्यावर नुसतं उघडलं, तर त्या फोनला कळतं का?”

“हो ना. लगेच सूचना जाते. ‘आपले स्वागत आहे’ म्हणून वाजतो.”

“उद्या सकाळी मी सरांच्या खोलीत असेन. काचेतून माझ्याकडे लक्ष ठेव. मी चष्मा काढला, की माझ्या भावाचं खातं उघड.”

मुलीचा चेहरा उतरला. “माझी नोकरी जाईल.”

“जाऊ शकते,” अक्का म्हणाल्या. त्यांना खोटा धीर देता येत नसे. “न उघडलंस तर डब्यांचा आळ तुझ्यावर येईल. त्याची तयारी आज माझ्यासमोर झाली.”

५

मुख्य कार्यालयाच्या अधिकारी बाई कमी बोलणाऱ्या आणि घड्याळाकडे जास्त पाहणाऱ्या होत्या. व्यवस्थापकांच्या खोलीत त्यांच्यासमोर बंडू पेन हातात घेऊन बसला होता. सून बाळाला कडेवर घेऊन भिंतीशी उभी होती. बॅग तिने बरोबर आणली होती.

“सही करा, शेठ,” व्यवस्थापक मऊपणे म्हणाले. “मोकळे व्हा.”

“थांब, बंडू.” अक्कांनी पेन त्याच्या हातातून काढून घेतले. “बाई, कालपर्यंत मलाही हा भाषेचा अपघात वाटत होता. माझा भाऊ म्हणाला ‘वाढवा’, त्याचा अर्थ होता ‘संपवा’. हे म्हणतात, आम्ही समजलो ‘मोठं करा’. घटकाभर मान्य करू. जो माणूस मोठी सवलत मागून घेतो, तो दुसऱ्या दिवशी काय करील?”

“वापरायला येईल,” अधिकारी बाई म्हणाल्या.

“येईलच. गल्ल्यावर उभा राहील, आपली सवलत मोजून घेईल, कमी भरली तर भांडेल. त्याच्या खात्यावर चोरी करणं म्हणजे मालक जागा असताना खिडकीतून शिरणं. आणि इथे तर चोर महिनोन्महिने पुढच्या दारानं ये-जा करत होता, बिनधास्त. कारण त्याला पक्कं ठाऊक होतं, की मालक त्या खात्याकडे परत फिरकणार नाही. म्हणजे ‘वाढवा’चा खरा अर्थ चोराला पहिल्याच दिवशी कळला होता. ज्याला तो कळला नाही, तो चोर असूच शकत नाही.”

घड्याळाकडे जाणारी नजर थांबली.

“माझ्या भाच्याची ही बायको. हिला शब्द माहीत आहे, दुकानदाराच्या घरात नांदते. पण बंडूनं खातं सोडलंय हेच तिला काल कळलं. आपला सासरा ते रोज वापरतोय, असं समजणारी बाई त्याच खात्यावर डाका घालणार नाही. बाहेरची ती मुलगी. खातं सोडणारा माणूस तिच्या डोळ्यांसमोर होता, पण शब्द तिला माहीत नाही. मी विचारलं, टेबल कधी वाढवतेस, तर बिचारी जागा शोधायला लागली. राहिले हे.”

“मॅडम,” व्यवस्थापक हसले, “मीही कालच शिकलो हा अर्थ. तुमच्याकडूनच.”

“हो ना? मग शिकण्याच्या आधी सरबताच्या मावशींना काय सांगितलंत? ‘हा स्टॉल वाढवा आता.’ मी बाहेर आले तेव्हा तो स्टॉल मोठा झाला नव्हता. भिंतीला टेकला होता. मावशींना तुमचं बोलणं बरोबर कळलं होतं, कारण तुम्ही ते बरोबर बोलला होतात. माणूस परक्या भाषेत खोटं बोलू शकतो. सवयीच्या भाषेत त्याला आधी सवय मोडावी लागते.”

व्यवस्थापकांनी खिशातून रुमाल काढला. “एका शब्दावरून माणसाला चोर ठरवणार?”

“तुम्ही काल तेच तर केलंत,” अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा काढला.

काचेपलीकडे मुलीचे हात टेबलावर होते. ते हलले नाहीत. अक्का चष्मा हातात धरून बसून राहिल्या. बंडूने एकदा अक्कांकडे पाहिले, एकदा कागदाकडे. सुनेने बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

मग मुलीने मान खाली घातली आणि कळा दाबल्या.

व्यवस्थापकांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये काहीतरी गुणगुणले. स्वागताची ती गोड, बालिश धून सगळ्या खोलीने ऐकली. ती संपली आणि पुन्हा सुरू झाली, मग पुन्हा. अक्कांनी एकच खाते उघडायला सांगितले होते. पण हिशेब एकदा कळल्यावर ती मुलगी थांबायला तयार नव्हती: कंटाळून सरांच्या खोलीत गेलेला एकेक म्हातारा, एकेक म्हातारी ती आठवून आठवून उघडत होती, आणि ड्रॉवर त्या प्रत्येकाचे स्वागत करत होता. एकाही ग्राहकाने योजना सोडली नव्हती. सगळे त्या ड्रॉवरमध्ये होते.

अधिकारी बाई उठल्या. त्यांनी दारावरचा तो लहान कागद स्वतः जाऊन काढला आणि परत येऊन बंडूसमोर ठेवला. बंडूने आपल्या फोटोची घडी घातली. सुनेने बॅग खांद्यावरून उतरवून त्याच्या हातात दिली.

“घ्या, बाबा. जड आहे. घरी न्यायची आहे.”

व्यवस्थापकांनी ड्रॉवर उघडून वाजणारा फोन टेबलावर ठेवला. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. अधिकारी बाईंनी टेबलावरचे तेच ध्वनिमुद्रण यंत्र सुरू केले होते, ज्याच्यात बंडूचा आवाज साठवला होता. पुढे आहे ते त्यातले, एक शब्दही न बदलता:

“माझ्या वडिलांचं दुकान होतं. याच्या निम्म्याहून लहान. रोज संध्याकाळी ते म्हणायचे, ‘चला, वाढवू या,’ आणि मी आत जाऊन फळ्या आणायचो. त्यामुळे शेठ काय म्हणतायत ते मला पहिल्याच शब्दाला कळलं. पण वरून सांगितलेलं होतं, एकही म्हातारा गळता कामा नये. गळला की माझी जागा जाणार. मग मी कळलं नाही असं दाखवलं. आधी फक्त फलकासाठी. नंतर वाटलं, खाती आहेतच, सवलत वाया जातेय, तर डबे उचलू. वरच्यांनी शेठच्या खात्यावरचे डबे मोजले, तेव्हा नाव त्यांचंच पुढे केलं. मला भीती कधी वाटलीच नाही. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं आपल्याला कळलं नाही असं म्हटलं, की कोणी पुढे विचारतच नाही. दोष त्याचाच धरतात. तोही धरतो.”